‘बुडबुडा’ साबणाचा नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत महिला गणितज्ञांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात अमेरिकी गणितज्ञ कॅरेन उहलेनबेक यांच्या वाट्याला एक परिच्छेद आला आहे. गणितातला मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान मानला जाणारा आबेल पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, असे त्यात म्हटले आहे आणि ते खरे आहे. त्यांनी ‘साबणाच्या बुडबुड्यांचे गणित शोधून काढले’, असेही म्हटले आहे आणि ते मात्र खरे नाही. मार्च २०१९ मध्ये हा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा परदेशी वृत्तपत्रांनीही साबणाच्या बुडबुड्यांचाच दाखला दिला होता, त्यामुळे आपल्या लेखकाला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तरीही बी.एस्सी.च्या वर्गांना आयुष्यभर गणित शिकवल्यानंतर ही चूक वाचून मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबणार आहे, याची कल्पना आधीच देऊन ठेवते.

साबणाच्या पाण्यात तारेचे कडे बुडवून वर काढले की त्यावर एक पातळ पडदा ताणला जातो, आणि त्या कड्याला धरून राहणाऱ्या पृष्ठभागांपैकी, निदान आसपासच्यांत तरी, कमीत कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग तो पडदा आपोआप निवडतो. प्लॅटो या बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात असे असंख्य प्रयोग केले. कडे कसेही वाकडेतिकडे असले तरी असा किमान पृष्ठभाग असतोच, हे गणिताने सिद्ध व्हायला १९३० च्या सुमारापर्यंत थांबावे लागले; ते जेसी डग्लस आणि टिबोर राडो यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, आणि १९३६ साली गणितातली मानाची अशी जी पहिली दोन फील्ड्स पदके दिली गेली त्यांतले एक डग्लस यांना मिळाले. उहलेनबेक यांचा जन्म २४ ऑगस्ट १९४२ चा. म्हणजे साबणाच्या पडद्याचा तो मूळ प्रश्न त्या जन्मण्यापूर्वीच सुटलेला होता.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न याच कुळातला असला तरी त्याचा स्वभाव वेगळा आहे. तिथे तारेचे कडे नाही, कडा नाहीच. एखाद्या बंदिस्त, वक्र अवकाशात एक अख्खा गोल, म्हणजे पोकळ चेंडूचे नुसते कवच, पसरायचा आहे, आणि पसरण्याच्या असंख्य तऱ्हांपैकी ज्या तऱ्हेत ताणाची एकूण ऊर्जा स्थिरावते अशी एखादी तऱ्हा सापडते का, हे पाहायचे आहे. हाच प्रश्न गोलाऐवजी रबराच्या वळ्यासाठी विचारला तर उत्तर सोपे जाते: भोपळ्याच्या अंगावर चढवलेले रबर जसे आखडत आखडत एखाद्या जागी घट्ट बसते, तसे ते वळे अखेर त्या अवकाशातल्या ‘सरळ’ रेषेवर, जिला आम्ही जिओडेसिक म्हणतो तिच्यावर, येऊन थांबते. अशी शोधाशोध नक्की कधी संपते, याची एक अट रिचर्ड पॅले आणि स्टीफन स्मेल यांनी १९६० च्या दशकात मांडली होती. हे पॅले म्हणजेच ब्रँडाइस विद्यापीठातले उहलेनबेक यांचे मार्गदर्शक. वळ्यासाठी, म्हणजे एका मितीत, त्यांची अट उत्तम चालते. दोन मितींत, म्हणजे नेमकी गोलापाशी येऊन, ती मोडते.

मोडण्याचे कारण सांगण्याजोगे आहे. दोन मितींतल्या ताणाच्या ऊर्जेला लहानमोठेपणा कळत नाही. तोच ताण तळहाताएवढ्या जागेत पसरला काय आणि सुईच्या अग्राएवढ्या जागेत गोळा झाला काय, ऊर्जेचा आकडा तेवढाच राहतो. त्यामुळे उत्तराकडे जाणाऱ्या पायऱ्यांची मालिका आपली सगळी ऊर्जा एका बिंदूत कोंबू शकते, आणि शेवटी हाताशी काहीच उरत नाही.

जोनाथन सॅक्स या सहकाऱ्याबरोबर उहलेनबेक यांनी यावर जो तोडगा काढला, त्याची घोषणा १९७७ साली झाली आणि पूर्ण शोधनिबंध १९८१ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. त्यांनी ऊर्जेचे सूत्रच किंचित बदलले, म्हणजे त्यातला घातांक १ होता तो १ पेक्षा थोडा मोठा केला. एवढे केले की पॅले–स्मेल अट पुन्हा लागू होते आणि उत्तर मिळते. मग तो घातांक हळूहळू १ कडे उतरवत त्यांनी पाहिले की बिघाड नेमका कुठे होतो. तो मोजक्याच बिंदूंपाशी होतो. बाकी सगळीकडे मालिका गुण्यागोविंदाने आपल्या सीमेला पोहोचते. आणि ज्या बिंदूपाशी बिघाड होतो तिथे, ऊर्जा जितकी गोळा होत जाईल तितके भिंग मोठे करत नेले, तर त्या भिंगाखाली मोडतोड दिसत नाही, तर एक नवा, सगळा, निर्दोष गोल दिसतो. गणितातला ‘बुडबुडा’ तो हा. असा प्रत्येक बुडबुडा एका ठरावीक किमान ऊर्जेशिवाय तयारच होत नाही, म्हणून एकूण ऊर्जा मर्यादित असेल तर बुडबुडेही मोजकेच निघतात. ज्या बंदिस्त अवकाशात आकसून बिंदू होऊ न शकणारा गोल बसू शकतो, तिथे असा किमान गोल असतोच, हा निष्कर्ष यातून मिळाला. पण निष्कर्षापेक्षाही पद्धत मोठी ठरली. पद्धत जिथे हात टेकते त्या जागेचेच गणित करायचे, हा विचार त्यानंतर भूमितीच्या कितीतरी शाखांत शिरला.

म्हणून ‘साबणाचे बुडबुडे’ हा शब्दप्रयोग मला खटकला. तो मुलांना गोष्ट सांगण्यापुरता गोड आहे, पण त्यातून वाचकाच्या हाती चुकीचे चित्र जाते आणि एका मोठ्या संशोधकाचे काम उगीचच खेळकर वाटू लागते. पुरुष गणितज्ञांच्या कामाचा परिचय देताना आपण इतके लडिवाळ होतो का, हा प्रश्न मी इथे फक्त नोंदवून ठेवते.

आता कारकिर्दीविषयी. लेखात ‘अनेक अडथळ्यांवर मात करत’ एवढे एकच वाक्य आहे. ते वाक्य कोणाच्याही चरित्राला लावता येते. उहलेनबेक यांच्या बाबतीत हे अडथळे कोणते, याची नोंद त्यांनी स्वतःच केलेली आहे. क्लीव्हलंडमध्ये जन्म, वडील इंजिनीअर, आई चित्रकार आणि शिक्षिका, बालपण न्यू जर्सीत, ग्रंथालयातली विज्ञानाची पुस्तके वाचून संपवण्याचा नाद. मिशिगन विद्यापीठात त्या भौतिकशास्त्रासाठी गेल्या आणि गणितात रमल्या. १९६४ साली पदवी झाली. न्यूयॉर्कच्या कूराँट संस्थेत पुढचे शिक्षण सुरू केल्यावर १९६५ साली ओल्के उहलेनबेक या जीवभौतिकशास्त्रज्ञाशी त्यांचे लग्न झाले. पतीने हार्वर्ड गाठले, म्हणून त्यांनी जवळचे ब्रँडाइस गाठले आणि तिथे १९६८ साली पीएच.डी. मिळवली. त्यांचे सासरे जॉर्ज उहलेनबेक म्हणजे १९२५ साली सॅम्युएल गाउडस्मिट यांच्यासह इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ. सासरी अभ्यासाला मान होता आणि त्याचा आपल्याला आधार झाला, असे त्यांनी सांगितले आहे. आज मात्र गणिताच्या पुस्तकात ‘उहलेनबेक’ हे नाव आले की ते बहुतेक वेळा सुनेचे असते.

पुढची तीन वर्षे हंगामी नोकरीची होती: एक वर्ष एमआयटीत आणि दोन वर्षे बर्कलीला. त्यानंतर कायम नोकरी शोधू लागल्यावर त्यांना ऐकवण्यात आले की बायकांना कोणी नेमत नाही, बायकांनी घरी जाऊन मुले सांभाळायची असतात. पतीला घेऊ इच्छिणाऱ्या एमआयटी, स्टॅनफर्ड आणि प्रिन्स्टन या संस्थांना त्यांच्यात रस नव्हता. आप्तनियुक्तीला मनाई करणारा नियम आडवा येतो, असेही सांगितले गेले. कित्येक वर्षांनंतर त्यांनी त्या लोकांना याची आठवण करून दिली तेव्हा आपण असे काही बोललो होतो हे कोणालाच आठवत नव्हते. या शेवटच्या तपशिलावर मी बराच वेळ थांबले. नियम खरोखर असता तर तो कुणाच्या तरी स्मरणात, निदान कागदावर तरी, राहिला असता.

माझ्या पहिल्या मुलाखतीत विषयतज्ज्ञांनी कॉशीच्या प्रमेयावर दोन प्रश्न विचारले आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी एकच: ‘मिस्टरांची बदली झाली तर आमच्या वर्गांचे काय?’ नोकरी मिळाली, पण कायम होण्यास सात वर्षे लागली, आणि माझ्याबरोबर लागलेले सहकारी त्याआधीच कायम झाले होते. ही तक्रार मी आता करत नाही. ज्या प्रश्नाची कुठे नोंद होत नाही तो प्रश्न कारकिर्दीचे काय करतो, हे मला थोडेफार माहीत आहे, इतकेच सांगायचे आहे.

उहलेनबेक १९७१ साली इलिनॉय विद्यापीठात अर्बाना-शँपेन येथे रुजू झाल्या, कारण तिथे पती-पत्नी दोघांनाही जागा मिळाली. ते गाव त्यांना मानवले नाही. तिथे आपली ओळख प्राध्यापकाची पत्नी एवढीच उरते, ही त्यांची खंत होती. तरीही सॅक्स यांच्याबरोबरचे काम याच काळात आकाराला आले, आणि चरित्रकारांनी काळवंडून टाकलेल्या या वर्षांबद्दल मला म्हणूनच थोडा आदर वाटतो. १९७६ साली त्यांनी अर्बाना सोडले आणि त्याच विद्यापीठाच्या शिकागो शाखेत त्या आल्या. तिथून चित्र पालटले. १९८३ साली मॅकार्थर फेलोशिप, त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ, १९८६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व, मग ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात मानाचे अध्यासन, जिथून त्या २०१४ साली निवृत्त झाल्या.

या सन्मानांपेक्षा १९८२ साल अधिक महत्त्वाचे आहे. यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५४ साली कणांमधल्या बलांसाठी जी समीकरणे मांडली, त्यांवर उहलेनबेक यांचे दोन शोधनिबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाले. या समीकरणांची अडचण अशी की एकच भौतिक क्षेत्र असंख्य वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येते, आणि या लिहिण्याच्या पद्धतीला ‘गेज’ म्हणतात. गावाचा तोच नकाशा कुणी सरळ चौकटीवर काढावा आणि कुणी चुरगळलेल्या कागदावर, तसे हे आहे. चुरगळलेल्या कागदावर अंतरे मोजू गेलात तर हाती काही लागत नाही. उहलेनबेक यांनी दाखवले की क्षेत्राची वक्रता पुरेशी कमी असेल तर कागद सपाट करता येतो, म्हणजे असा एक गेज निवडता येतो की त्यात ही समीकरणे विश्लेषणाच्या ओळखीच्या साधनांना वश होतात. चार मितींत एखाद्या बिंदूपाशी क्षेत्र बिघडलेले दिसत असेल पण एकूण ऊर्जा मर्यादित असेल, तर तो बिघाड खरा नसतो, गेज बदलला की तो नाहीसा होतो, हेही त्यांनी सिद्ध केले. वाचकांच्या लक्षात येईल की गोलाच्या प्रश्नात दोन मितींची जी ख्याती तीच इथे चार मितींची. इथेही ऊर्जेला लहानमोठेपणा कळत नाही, इथेही ती बिंदूपाशी गोळा होते, आणि इथेही बुडबुडे निघतात.

या पायावर ऑक्सफर्डचे सायमन डोनाल्डसन उभे राहिले. चार मितींच्या अवकाशांविषयीचे त्यांचे प्रमेय १९८३ साली आले आणि १९८६ साली त्यांना फील्ड्स पदक मिळाले. डोनाल्डसन यांचे श्रेय यत्किंचितही कमी न करता म्हणता येईल की उहलेनबेक यांची प्रमेये हाताशी नसती तर त्या इमारतीची जोतीच घातली गेली नसती.

आणि आता ज्या कारणासाठी हे पत्र मराठी वृत्तपत्राकडे पाठवणे मला आवश्यक वाटले, तिथे येते. आपल्या लेखात एका ओळीने तरी मुंबईचा उल्लेख हवा होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५३ साली दोन तरुण विद्यार्थी म्हणून दाखल झाले: एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री. या दोघांनी १९६५ साली जे प्रमेय प्रसिद्ध केले ते आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. रीमान पृष्ठभागावरची ‘स्थिर’ व्हेक्टर बंडले, म्हणजे बीजगणिती भूमितीतली एक अगदी तांत्रिक चीज, आणि त्याच पृष्ठभागाच्या मूलभूत गटाची युनिटरी रूपे, या दोन दूरच्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे ते सांगते. डोनाल्डसन यांनी १९८३ साली याच प्रमेयाची नवी सिद्धता दिली. बंडल स्थिर असेल तर त्यावर वक्रतेचे एक विशिष्ट समीकरण सुटते, अशी त्यांची मांडणी होती, आणि ते सोडवण्यासाठी ऊर्जा कमी कमी करत नेणारी मालिका घेऊन तिला सीमा आहे हे दाखवताना त्यांनी आधार घेतला तो उहलेनबेक यांच्या १९८२ च्या प्रमेयाचा.

गोष्ट तिथे थांबली नाही. डोनाल्डसन यांनी १९८५ साली हा विचार बीजगणिती पृष्ठभागांपर्यंत, म्हणजे संमिश्र संख्यांच्या दोन मितींपर्यंत नेला. आणि १९८६ साली उहलेनबेक आणि शिंग-तुंग याऊ यांनी तो कितीही मितींच्या बंदिस्त केलर अवकाशांसाठी, म्हणजे संमिश्र भूमितीतल्या एका खास वर्गाच्या अवकाशांसाठी, सिद्ध केला. डोनाल्डसन–उहलेनबेक–याऊ प्रमेय म्हणतात ते हेच. त्याची एका संमिश्र मितीतली आवृत्ती म्हणजे नरसिंहन–शेषाद्री प्रमेय. तात्पर्य असे की उहलेनबेक यांच्या कामाचा एक मोठा भाग कुलाब्याला समुद्राकाठी सुरू झालेल्या संभाषणाचे उत्तर आहे. मराठी वाचकाला हे सांगायला नको का? जुलै २०२० मध्ये शेषाद्री गेले, मे २०२१ मध्ये नरसिंहन गेले. दोघांनी मुंबईत वर्षानुवर्षे काम केले, आणि तरी गणिताच्या इतिहासाविषयी लिहिताना आपण आर्यभट आणि रामानुजन यांच्यामध्ये आणि नंतर कोणी नाहीच असे लिहितो.

लेखातल्या ‘पहिली महिला’ या मथळ्याला माझा विरोध नाही. आबेल पुरस्कार २००३ पासून दिला जातो आणि २०१९ पर्यंत तो एकाही महिलेला मिळाला नव्हता, ही वस्तुस्थिती लपवण्याची काही गरज नाही. त्याहून बोलका आकडा मला वेगळाच वाटतो. जागतिक गणित परिषदेत मुख्य व्याख्यानाचा मान जर्मन गणितज्ञ एमी नोदर यांना १९३२ साली झुरिकला मिळाला. त्यानंतर तो मान दुसऱ्या महिलेला, म्हणजे उहलेनबेक यांना, क्योटोत १९९० साली मिळाला. मधे ५८ वर्षे गेली. पुरस्कार समितीला एक वेळ विसर पडला असे म्हणता येईल. ५८ वर्षे व्याख्यानांची यादी करणाऱ्या प्रत्येक समितीला विसर पडला असे म्हणणे कठीण आहे.

स्वतः उहलेनबेक या आदर्श होण्याच्या ओझ्याविषयी मोकळेपणाने बोलल्या आहेत. माणूस अपूर्ण असूनही यशस्वी होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना दिसले पाहिजे आणि नेमके तेच दाखवणे अवघड असते, असे त्यांचे म्हणणे आहे. पण त्या बोलण्यावर थांबल्या नाहीत. पार्क सिटी गणित संस्थेच्या उभारणीत १९९१ साली त्यांचा वाटा होता, आणि गणितज्ञ चू-लियन टर्न्ग यांच्याबरोबर त्यांनी प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत महिलांसाठी जो वार्षिक गणित कार्यक्रम सुरू केला, त्यात पदवीच्या विद्यार्थिनींपासून अनुभवी संशोधक महिलांपर्यंत सगळ्याजणी एकत्र बसून गणितच करतात. सत्कार-भाषणे आणि हळदीकुंकवाच्या धर्तीवरचे ‘महिला विशेष’ कार्यक्रम पाहिलेल्या माझ्यासारखीला या ‘गणितच करतात’चे अप्रूप वाटते.

माझी विनंती एवढीच आहे की लेखाच्या पुढच्या भागात ‘साबणाचे बुडबुडे’ या शब्दांची दुरुस्ती छापावी आणि नरसिंहन–शेषाद्री प्रमेयाचा उल्लेख जोडावा. जागा कमी असेल तर माझे हे पत्र कापावे, पण तो उल्लेख कापू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
गणिताची एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली

ता. क. : लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘नॉर्वेच्या अध्यक्षांकडून पुरस्कार स्वीकारताना’ असे छापले आहे. नॉर्वेत अध्यक्ष नाहीत, राजे आहेत. २१ मे २०१९ रोजी ऑस्लोत उहलेनबेक यांना पुरस्कार देणारे गृहस्थ म्हणजे राजे पाचवे हाराल्ड.